धार संपल्यानंतरचा पाऊण तास: नव्या गोपालकासाठी सड आणि कासेची ओळख

गाय घेताना माणूस वेत विचारतो, दिवसाला किती लिटर ते विचारतो, खुरं बघतो, दात मोजतो. कासेकडेही बघतो, पण ती केवढी भरली आहे एवढंच. वाकून चारही सडांच्या टोकांना बोट लावणारा माणूस बाजारात मला क्वचितच दिसला. मीसुद्धा पहिल्या गायीच्या वेळी ते केलं नव्हतं.

ती आमची सोनी, होलस्टीन संकरित, पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यायलेली. व्यायल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मागच्या उजव्या सडातून पहिल्या धारेला दोन पिवळट गुठळ्या आल्या. मला वाटलं, चिकाचा काहीतरी अंश राहिला असेल. दुसऱ्या दिवशी गुठळ्या वाढल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो भाग दगडासारखा टणक झाला होता आणि सोनी हात लावू देईना. शेजारच्या अनुभवी माणसाने सांगितलं, सड बुजला आहे, कडुलिंबाची बारीक काडी घालून मोकळा कर. मी घातली. डॉक्टर चौथ्या दिवशी आले. तो सड कायमचा गेला आणि सोनी पुढची सगळी वेतं तीन सडांवर दूध देत राहिली.

आपल्याकडे या रोगाला दगडी म्हणतात, पुस्तकात कासदाह किंवा स्तनदाह. तो कुठून येतो हे समजायला आधी सड आतून कसा असतो ते माहीत हवं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आधी हाताने ओळख करून घ्या

धार काढून झाली की गायीच्या मागे उभे राहा. कासेच्या मधोमध उभी खाच दिसेल. तिच्या आत मजबूत, लवचीक पडदा असतो. तोच कासेला पोटाशी धरून ठेवतो आणि डावी-उजवी बाजू वेगळी करतो. हा पडदा सैल पडला की खाच पुसट होते, कास मागच्या पायाच्या सांध्याच्या खाली लोंबते आणि सड बाहेरच्या बाजूला फाकतात. अशा कासेला चिखल लागतो, तिच्यावर पाय पडतो आणि मशीन नीट बसत नाही.

पुढचा आणि मागचा भागही आतून पातळ पडद्याने वेगळा असतो. म्हणजे एका कासेत खरं तर चार स्वतंत्र कासा असतात. पुढच्या डाव्या भागातलं दूध मागच्या डाव्या सडातून कधीच येत नाही. त्यामुळेच दगडी एका सडाला होते आणि बाकीचे तीन चांगले राहतात. मागचे दोन भाग मिळून साधारण ६० टक्के दूध देतात, पुढचे दोन ४० टक्के. मागचा एक सड गेला तर तोटा पाव हिश्श्यापेक्षा जास्त असतो, हे मी सोनीच्या किटलीत रोज बघितलं.

आता रिकामी कास दाबून बघा. निरोगी कास धार झाल्यावर मऊ पडते, मागे कातडीच्या सुरकुत्या पडतात. आत द्राक्षाच्या घडासारखे अगदी बारीक फुग्यांचे पुंजके असतात, दूध त्यांच्यातच तयार होतं. एक लिटर दुधासाठी कासेतून साधारण ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावं लागतं. म्हणजे २० लिटरच्या गायीच्या कासेतून रोज आठ ते दहा हजार लिटर. म्हणून पोटाखालची दुधाची शीर एवढी फुगलेली दिसते. कास दाबताना कुठे लिंबाएवढी गाठ लागली, किंवा एक भाग बाकीच्यांपेक्षा घट्ट किंवा लहान वाटला, तर त्या भागाने कधीतरी दगडी भोगली आहे असं समजा.

गाय विकत घेताना हीच तपासणी करा. बाजारात कास तुंबवून आणतात, एक-दोन वेळची धार न काढता. तुंबलेल्या कासेत गाठ सापडत नाही. विकणाऱ्याला तुमच्यासमोर पूर्ण धार काढायला सांगा आणि मग रिकाम्या कासेवर हात फिरवा. तो नको म्हणाला तर ती गाय सोडून द्या.

सडाच्या टोकावरचा एक सेंटिमीटर

सड अंगठा आणि तर्जनीत धरा. वर, जिथे तो कासेला जोडला जातो, तिथे आत एक वळी असते. तिच्या खाली सडाची पोकळी, ज्यात थोडंसं दूध साठतं. आणि अगदी खाली, टोकाला, एक बारीक नळी. ही नळी जेमतेम एक सेंटिमीटर लांब असते, कुणाची आठ मिलिमीटर, कुणाची बारा. बाहेरचं जग आणि आतलं दूध यांच्यामध्ये एवढाच उंबरठा आहे.

नळीभोवती गोल स्नायूचं कडं असतं, ते तिला आवळून बंद ठेवतं. नळीला आतून मेणासारखा थर असतो, केराटिनचा. जंतू त्यात अडकतात, त्यातल्या स्निग्ध आम्लांमुळे त्यांची वाढ थांबते आणि प्रत्येक धारेबरोबर त्या थराचा थोडा भाग धुऊन बाहेर जातो. आता सांगा, या नळीत काडी घातली तर काय होईल? तो थर खरवडला जातो, कड्याचा स्नायू फाटतो आणि काडीवरचे जंतू थेट आत पोचतात. मी सोनीच्या बाबतीत नेमकं हेच केलं. काडी, तार, सायकलच्या चाकाची तार, पिसाचा देठ, यातलं काहीही सडात घालू नका, सांगणारा कितीही अनुभवी असला तरी.

आणखी एक गोष्ट: सडाच्या कातडीवर केस नसतात, तिच्यात घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेलाच्याही नसतात. म्हणून थंडीत, वाऱ्यात आणि जहाल औषधाने ती लगेच कोरडी पडते, भेगा पडतात. भेगेत जंतू घर करतात आणि तिथून नळीशी जातात.

धारेच्या वेळी ते कडं सैल होतं. धार संपली की ते ताबडतोब आवळत नाही. पूर्ण बंद व्हायला अर्धा तास ते तासभर, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. दूध गेलेलं, दार उघडं, टोकाला शेवटचा थेंब लोंबतोय, आणि दमलेली गाय शेणामुतात खाली बसते. बऱ्याचदा दगडी या पाऊण तासात आत शिरते. पुढे जे काही सांगणार आहे त्याचा मोठा भाग हा पाऊण तास सांभाळण्यासाठीच आहे.

धार काढण्याची पद्धत

गाय आधी शांत हवी. कासेला हात लागला, वासरू दिसलं, बादलीचा ओळखीचा आवाज आला, की गायीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं, रक्तातून कासेत येतं आणि ते बारीक फुगे पिळले जातात. यालाच आपण पान्हा म्हणतो. हात लागल्यापासून साधारण एक ते दीड मिनिटात पान्हा येतो आणि पाच-सात मिनिटंच टिकतो. गायीला मारलं, कुत्रं भुंकलं, नवा माणूस ओरडला, तर भीतीचं संप्रेरक पान्हा अडवतं. गाय पान्हा चोरते असं आपण म्हणतो, पण ती बिचारी घाबरलेली असते. कासेतलं जवळजवळ ८० टक्के दूध त्या फुग्यांतच असतं, त्यामुळे पान्ह्याशिवाय ते काढता येत नाही, आणि आत राहिलेलं दूध जंतूंना खाद्य होतं. पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचणारे लोक मी पाहिले आहेत. जनावराला अपाय होईल असं इंजेक्शन दूध वाढवायला देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय त्या गायीला हळूहळू इंजेक्शनशिवाय पान्हाच येईनासा होतो.

हात साबणाने धुवा, नखं कापलेली हवीत. मग प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढा. भांडं आतून काळं असलं तर उत्तम, नाहीतर वाटीवर गडद रंगाचं फडकं ताणून बांधा. त्यावर गुठळी, दोरा, पाणचट दूध, रक्ताची छटा लगेच दिसते. या धारा जमिनीवर किंवा तळहातावर सोडू नका. सडात दूषित दूध असेल तर तेच जंतू तुमच्या हाताने पुढच्या गायीकडे जातात. या धारा काढण्याचे दोन फायदे आहेत: रोग पहिल्या दिवशी दिसतो आणि पान्ह्याला सुरुवात होते. सोनीच्या वेळी त्या दोन गुठळ्या मला दिसल्या होत्या, फक्त त्यांचा अर्थ कळला नव्हता.

त्यानंतर सड धुवायचे, पूर्ण कास नाही. हे नवीन माणसाला पटत नाही. अख्ख्या कासेवर बादली ओतली की वरचं शेणाचं पाणी ओघळून सडाच्या टोकाशी येऊन थांबतं. सड मळलेले असतील तर तेवढेच थोड्या पाण्याने धुवा आणि कोरडे करा. कोरडं करणं हे धुण्यापेक्षा महत्त्वाचं. प्रत्येक गायीला स्वतंत्र सुती फडकं ठेवा, रोज उकळून उन्हात वाळवलेलं. एकच ओला पंचा खांद्यावर टाकून दहा गायी पुसणं म्हणजे एका गायीची दगडी नऊ जणींना वाटणं. पुसताना टोक विसरू नका. पांढऱ्या फडक्याने टोक पुसून बघा. फडक्यावर डाग उठला तर सड अजून स्वच्छ नाही.

लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, बादलीत टाकून त्यात फडकं बुडवायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. ती मी सोडली. शेण लागलं की त्या औषधाचा जोर संपतो आणि पाणी दाट केलं तर कातडी कोरडी पडते.

आता धार. पहिल्या स्पर्शापासून दीड मिनिटाच्या आत सुरू करा आणि सहा-सात मिनिटांत संपवा, कारण पान्हा तेवढाच असतो. पद्धत पूर्ण मुठीची. अंगठा आणि तर्जनीने सड वरच्या वळीपाशी बंद करायचा, म्हणजे दूध परत वर जात नाही. मग मधलं बोट, अनामिका, करंगळी एकामागून एक मिटायची. मूठ सोडली की सड परत भरतो. चिमटीने ओढत खाली आणणं किंवा अंगठा मुडपून त्याच्या सांध्याने सड दाबणं, या दोन्ही सवयींनी आतली नाजूक त्वचा ठेचली जाते. पुढे तिथे गाठ धरते आणि धार बारीक होत जाते. सड अगदी आखूड असतील तरच चिमटी वापरा, तीही हलकी. हाताला दूध, थुंकी, तूप लावून धार काढू नका, कोरड्या हातानेच काढा. सवय व्हायला आठवडा लागतो, मनगट दुखतं, पण जमतं.

मशीन असेल तर तीन गोष्टी बघा. निर्वात दाब ४२ ते ५० किलोपास्कलच्या दरम्यान असावा, म्हणजे पाऱ्याच्या मापात साधारण ३१५ ते ३७५ मिलिमीटर. पल्सेटरचे, म्हणजे सडावरची ओढ चालू-बंद करणाऱ्या भागाचे, ठोके मिनिटाला साधारण ६०. आणि आतले रबरी लायनर साधारण २५०० धारांनंतर बदला. एका युनिटवर दोन वेळा दहा गायी काढत असाल तर दिवसाला २० धारा होतात, म्हणजे चार महिन्यांत लायनर संपला. तो वरून चांगला दिसला तरी आतून चिरलेला असतो आणि त्या चिरांत जंतू राहतात. दूध थांबलं की आधी निर्वात बंद करा, मगच कप काढा. चालू मशीन हिसकून काढलं तर उलटा झोत थेट नळीत जातो. मशीन चांगलं चालतंय का, हे सडच सांगतात: कप काढल्यावर सड गुलाबी आणि मऊ असावेत. निळसर झाले असतील, वरती करकचून वळ उठला असेल, किंवा टोकाला पांढरं खरखरीत कडं धरलं असेल, तर दाब जास्त आहे किंवा रिकाम्या सडावर मशीन चालू राहतंय.

आता तो पाऊण तास

शेवटची धार संपल्याबरोबर, बादली उचलायच्याही आधी, प्रत्येक सड औषधाच्या कपात पूर्ण बुडवा. फवाऱ्यापेक्षा कप बरा, कारण फवारा सडाच्या एकाच बाजूला बसतो. औषध ०.५ टक्का उपलब्ध आयोडीनचं असावं, त्यात ग्लिसरीन असलं तर कातडी मऊ राहते. तयार टीट डिप मिळतं, ते वापरणं सोपं. दुकानातून पोव्हिडोन आयोडीन आणणार असाल तर एक हिशेब लक्षात ठेवा: बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असतं तेव्हा त्यात उपलब्ध आयोडीन ०.५ टक्काच असतं. अनेक जण ५ टक्के वाचून त्यात दहापट पाणी घालतात आणि मग औषधाचा गुण नाही म्हणतात. कपातलं औषध शेणाने मळलं की फेकून द्या, बाटलीत परत ओतू नका.

दुसरं काम त्याहून सोपं. धारेनंतर गव्हाणीत ताजी वैरण टाका. आमच्याकडे धारेआधी पेंड आणि धारेनंतर लगेच हिरवी कुट्टी किंवा मुरघास असतो. गाय खात उभी राहते आणि तेवढ्यात सडाचं तोंड मिटतं. याला एक रुपया जास्त लागत नाही, फक्त वैरणीची वेळ अर्धा तास पुढे-मागे करावी लागते. मला कुणी एकच उपाय विचारला तर मी हाच सांगतो.

वासरू पाजत असाल, विशेषतः खिलार किंवा गावरान गायीला, तर पान्ह्यापुरतं पाजून मग सड पुसा, आणि वासरू शेवटी पिऊन झाल्यावर सड बुडवा. एका वासराला दोन गायींखाली सोडू नका.

न दिसणारी दगडी

गुठळ्या दिसतात ती दगडी थोडी. बहुतेक गोठ्यांत खरा तोटा न दिसणाऱ्या दगडीचा असतो. दूध पांढरंशुभ्र, कास मऊ, गाय खाते-पिते, पण दूध दोन लिटरने उतरलेलं आणि संकलन केंद्रावर एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक, ८.५ च्या खाली. आपल्याकडे गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर ठरतो, त्यामुळे पावती बघून आपण पेंडीला दोष देतो. एसएनएफ खाद्यामुळेही उतरतो, हे खरं, पण आधी कास तपासा.

तपासणी गोठ्यातच होते. कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट १९५७ पासून जगभर वापरतात. चार खणांची प्लास्टिकची थाळी आणि द्रावण पशुऔषधांच्या दुकानात मिळतं. पहिल्या धारा सोडून प्रत्येक सडाचं थोडं दूध, साधारण दोन मिली, आपापल्या खणात घ्या. तेवढंच द्रावण घाला आणि थाळी गोल फिरवत दहा सेकंद बघा. पातळ राहिलं तर सड निरोगी. चिकट दोरे दिसले तर संशय. घट्ट होऊन मध्ये गोळा धरला तर त्या भागात आजार मुरला आहे. कारण असं: जंतूंशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी दुधात उतरतात, द्रावणाने त्या फुटतात आणि त्यांच्यातला डीएनए दुधाला चिकट बनवतो. निरोगी सडाच्या दुधात मिलीला एक लाखापेक्षा कमी पेशी असतात, दोन लाखांच्या वर गेल्या की आजार धरायचा.

तयार द्रावण नसेल तर १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम कपड्यांची साबण पावडर विरघळवून ते वापरता येतं. निकाल तितका बारकाईने वाचता येत नाही, पण घट्ट गोळा तर कळतोच. व्यायल्यावर पहिला आठवडा आणि आटत आलेली गाय, या दोन वेळी चाचणी फसवते, पेशी तशाही वाढलेल्या असतात.

महिन्यातून एकदा सगळ्या गायी तपासा आणि वहीत लिहा. आमच्या वहीत चार रकाने आहेत: पुडा, पुउ, माडा, माउ, म्हणजे पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. निकाल ० ते ३, ० म्हणजे पातळ आणि ३ म्हणजे घट्ट गोळा. तीन-चार महिन्यांनी वही चाळली की कोणता सड पुन्हा पुन्हा वर येतो ते समजतं. न दिसणाऱ्या दगडीत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ ट्रायसोडियम सायट्रेट सांगतं, दिवसाला १० ग्रॅम, दहा दिवस, खाद्यातून. डॉक्टरांना विचारून ते आधी करून बघा. पेशी दिसल्या की लगेच प्रतिजैविक टोचायची घाई करू नका.

दगडी झालीच तर

पहिली गुठळी दिसली त्याच धारेला डॉक्टरांना फोन करा. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक १९६२ आहे, तो गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. औषध द्यायच्या आधी त्या सडाचं दूध निर्जंतुक बाटलीत घ्या आणि डॉक्टरांना तपासणीला पाठवायला सांगा. कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालतं ते त्यातून समजतं. औषध एकदा आत गेल्यावर नमुन्याला अर्थ राहत नाही.

डॉक्टर येईपर्यंत तो सड दोन-तीन तासांनी रिकामा करत राहा, वेगळ्या भांड्यात. भाग गरम आणि सुजलेला असेल तर थंड पाण्याने शेका. दूध ताकाच्या निवळीसारखं पातळ पिवळट आलं, गायीचे कान गार पडले, ती खाईना किंवा उठेना, तर ते शेणातल्या ई. कोलाय जंतूचं विष असू शकतं. तिथे काही तासांवर गायीचा जीव असतो, सकाळची वाट बघू नका. सड निळा-काळा आणि गार लागला तरीही तेच.

कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम वाटून त्याचा लेप दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस, हा उपायही दुग्धविकास मंडळाने पसरवला आहे. सौम्य दगडीत सुज उतरताना मी पाहिली आहे. ताप असलेल्या गायीला मात्र नुसत्या लेपावर ठेवू नका.

सडात औषधाची ट्यूब सोडायची वेळ आली तर ती डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणेच. सड पूर्ण रिकामा करा, टोक स्पिरिटच्या कापसाने कापूस पांढरा राहीपर्यंत पुसा. एकापेक्षा जास्त सडांत सोडायची असेल तर पुसताना लांबचे सड आधी आणि जवळचे नंतर, सोडताना जवळचे आधी आणि लांबचे नंतर, म्हणजे पुसलेल्या सडाला हात घासत नाही. ट्यूबची नळी पूर्ण आत ढकलू नका, टोक दोन-तीन मिलिमीटर गेलं तरी औषध जातं. एका सडाला एक ट्यूब, ती दुसऱ्या सडाला वापरायची नाही. सुज उतरली तरी डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस पुरे करा.

औषध चालू असताना आणि त्यानंतर लेबलवर लिहिलेले दिवस चारही सडांचं दूध कॅनमध्ये घालू नका, कारण औषध रक्तातून दुसऱ्या सडांतही उतरतं. उकळल्याने औषध जाईल अशा भरवशावर राहू नका. आजारी सडाचं दूध वासरालाही पाजू नका. ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जाणार आहे, हे मला कॅन भरताना रोज आठवतं.

आटवणं, आणि व्यायच्या आधीचे दिवस

गायीला व्यायच्या आधी साधारण ६० दिवस विसावा हवा. गाभणपणाचा सातवा महिना भरला की आटवा, म्हणजे धार काढणं थांबवा. चार-पाच दिवस आधी पेंड बंद करा, वैरण कोरडी करा, मग एके दिवशी शेवटची पूर्ण धार काढून थांबा. एक वेळ काढ, एक वेळ सोड असं महिनाभर चालवू नका. शेवटच्या धारेनंतर चारही सडांत आटवणीची ट्यूब डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडा आणि सड बुडवा. आटल्यावर नळीत केराटिनचं बूच तयार होतं. ते तयार व्हायला काही दिवस लागतात, आणि काही सडांत ते आठवडे उलटले तरी धरत नाही. म्हणून पहिले दोन आठवडे ती गाय सगळ्यात कोरड्या जागी बांधा आणि रोज कास बघा. फक्त बघा, सड दाबू नका.

हेच व्यायच्या आधी. पहिल्यांदा गाय व्यायला आलेल्या घरात प्रत्येक जण येताजाता सड पिळून चीक आला का बघतो. प्रत्येक पिळण्याबरोबर ते बूच फुटतं. व्यायच्या आठवड्यात कास सुजते, बोटाने दाबलं तर खड्डा राहतो, पहिलारूला तर पोटापर्यंत सूज येते. दूध स्वच्छ आणि गाय खात असेल तर ती सूज नैसर्गिक असते. व्यायल्यावर कॅल्शियम कमी पडलं की सडाच्या कड्याचा स्नायूही ढिला पडतो, म्हणून दुधाच्या तापातून, म्हणजे याच कॅल्शियमच्या कमतरतेच्या आजारातून, उठलेल्या गायीवर आठवडाभर दगडीसाठी विशेष नजर ठेवा.

गोठा आणि क्रम

गाय दिवसाचे दहा-बारा तास बसून काढते. ती बसते तिथे तिचे सड टेकतात. सिमेंटचा गोठा असेल तर उतार आणि गटार मोकळं ठेवा, मुक्त गोठा असेल तर पावसाळ्यात ओली माती उपसून कोरडी टाका. भुसा ओला राहिला की त्यात जंतू फोफावतात, त्यापेक्षा गायीने उन्हात वाळलेल्या मातीवर बसलेलं बरं.

धारेचा क्रम ठरवा: आधी निरोगी पहिलारू, मग निरोगी जुन्या गायी, मग चाचणीत वर आलेल्या, आणि शेवटी उपचार चालू असलेल्या. काही जंतू, त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस मुख्य, कासेत गाठी करून लपतात. औषधाने दबतात आणि पुन्हा वर येतात. वहीत एकच सड तीनदा-चारदा ३ दाखवत असेल, आणि आटवणीच्या ट्यूबनंतरही पुढच्या वेतात तेच दिसलं, तर डॉक्टरांशी बोलून तो सड कायमचा आटवा. गाय विकायची ठरली तर कोणता सड आजारी आहे ते घेणाऱ्याला सांगा आणि त्याला वही दाखवा. घरी ठेवणार असाल तर ती नेहमी शेवटी काढा, तिचं फडकं वेगळं ठेवा, आणि तिच्यानंतर हात व मशीन धुतल्याशिवाय दुसऱ्या गायीकडे जाऊ नका.